एका ‘क’चे चार गुण

प्रति,
दहावीच्या गणिताचा पेपर काढणारे आणि त्याची तपासणी-योजना ठरवणारे सर्व जण,
जिथे कुठे असाल तिथे.

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं मला माहीत नाहीत, आणि ती माहीत असूही नयेत. पेपर कोण काढतं हे गुपितच राहिलं पाहिजे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यामुळे तुम्हाला पाकिटात घालून पत्र पाठवायची सोय राहत नाही, म्हणून असं चारचौघांत लिहितेय. नाव मीही लिहीत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात एका शाळेत मी पंचवीस-एक वर्षं गणित शिकवते. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्ग घ्यायची सवय झालेली माणसं आहोत आम्ही. दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठेही येतात. त्या गठ्ठ्यांमधलं काही इथे लिहिणार नाही, तो नियम मला ठाऊक आहे. मात्र एक उत्तरपत्रिका अशी आहे की जिच्याबद्दल लिहायला हरकत नसावी, कारण ती मुलीच्या आईने पैसे भरून मागवली आणि स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवली.

जून महिना होता. शाळा नुकती उघडली होती, पाऊस नावालाही नव्हता. मधल्या सुट्टीत एक बाई दारात उभी. बिडी वळणारी; कारखान्यात माल टाकून परस्पर आली होती. मागे तिची मुलगी, आमचीच, नुकती दहावी झालेली. गणितात ७१. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि तरी ७१. मी म्हटलं, पेढे कुठे आहेत? तर आईने पिशवीतून कागद काढले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत. एका विषयाच्या छायाप्रतीला तेव्हा ४०० रुपये पडले. हजारी दराने बिड्या वळणाऱ्या घरात ही रक्कम किती दिवसांची, ते मी सांगायला नको.

“बाई, पोरीनं पान भरून लिवलंय बघा. तरी भोपळा दिलाय. कोण बघतंय का न्हाई तिथं?”

मी पान पाहिलं. भाग १ चा पेपर, सांख्यिकीचा चार गुणांचा प्रश्न. वर्गांतरं आणि वारंवारता दिलेली, पन्नास जणांची माहिती. आकडे मी थोडे बदलून सांगते, गोष्ट तीच राहते: ० ते १० मध्ये ५, १० ते २० मध्ये ८, २० ते ३० मध्ये १५, ३० ते ४० मध्ये १६ आणि ४० ते ५० मध्ये ६. मुलीने रांगोळी काढावी तशी सारणी आखली होती. संचित वारंवारता ५, १३, २८, ४४, ५०. एकूणाचे निम्मे २५, म्हणून वर्ग २० ते ३०. सूत्र लिहिलं, किमती टाकल्या, २० अधिक ८, उत्तर २८. खाली दोन रेघा. पाच ओळींत एक खाडाखोड नाही. मी फळ्यावर लिहिते त्यापेक्षा नीटस.

प्रश्नात विचारला होता मध्य. तिने काढला मध्यक, म्हणजे सगळे ओळीने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत.

मध्य हवा असता तर प्रत्येक वर्गाचा वर्गमध्य घेऊन वारंवारतेने गुणायचं, बेरीज १३५०, भागिले ५०, उत्तर २७. तिने आणले २८. परीक्षकाने पानावर तिरपी रेघ मारून समासात शून्य लिहिलं होतं. मी त्या खुर्चीत असते तर मीही शून्यच दिलं असतं. तपासणीच्या योजनेत मध्यकाच्या पायऱ्या नाहीत. जे विचारलं नाही त्याला गुण देता येत नाहीत. दिले असते तर नियामकाने, म्हणजे परीक्षकाच्या तपासणीवर नजर ठेवणाऱ्याने, ते काढले असते, आणि त्याचंही बरोबर होतं. परीक्षकाचा दोष नाही, नियामकाचा नाही. मी आईला तेच सांगत बसले.

“म्हंजे चुकलंच का?”

“चुकलंय, ताई. पण येतंय तिला.”

“येतंय तर मग?”

यावर मला काही सुचेना. तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, “सरासरी काढा म्हटलं असतं तर काढली असती की, बाई.”

त्या वाक्यापायी हे पत्र लिहितेय.

सरासरी हा शब्द तिला लहानपणापासून येतो. तिच्या आईलाही येतो. आठवड्याला सरासरी किती बिड्या होतात, त्यातून नापास होऊन छाट किती जाते, हे ती बोटांवर सांगते. यंत्रमागावरच्या माणसाला पाळीला सरासरी टॉवेल किती पडतात ते तोंडपाठ असतं. क्रिकेट बघणाऱ्या पोरांबद्दल तर बोलायलाच नको. मग माध्यमिकमध्ये आल्यावर त्याच सरासरीचं नाव ‘मध्य’ होतं, आणि शेजारी लगेच ‘मध्यक’ येऊन बसतो, नि त्याच्या पलीकडे ‘बहुलक’, सगळ्यात जास्त वेळा येणारी किंमत. बहुलकाचा घोटाळा मी फारसा पाहिलेला नाही. शब्द वेगळा आहे, कानाला वेगळा लागतो. मध्य आणि मध्यक यांच्यात फरक एका ‘क’चा. तोही शब्दाच्या शेवटी, जिथे घाईत वाचणाऱ्याची नजर पोचायच्या आधीच पुढच्या शब्दावर गेलेली असते. वर ‘मध्य’ या शब्दाचा रोजच्या बोलण्यातला अर्थ मधोमध, म्हणजे नेमका मध्यकाचा! मूल शब्दाचा अर्थ लावायला गेलं तर हमखास चुकणार, आणि न लावता पाठ केलं तर तरून जाणार. भाषेच्या तासाला आम्ही नेमकं उलटं सांगत असतो.

यावर इलाज किती लहान आहे पाहा. पेपरात ‘मध्य (सरासरी) काढा’ असं छापायचं. कंसातला एक शब्द. काठिण्यपातळी कमी होत नाही, गणित तेच राहतं. पण हे करायचं तर आधी तुम्हाला कळायला हवं की मुलं इथे अडखळतात. आणि ते तुमच्यापर्यंत पोचायची वाट मला कुठे दिसत नाही. माझं खरं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

पालकांपैकी बऱ्याच जणांना ही यंत्रणा कशी चालते ते ठाऊक नसतं, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. गणित १०० गुणांचं. भाग १ म्हणजे बीजगणित, ४० गुण, दोन तास. भाग २ म्हणजे भूमिती, तेवढेच गुण, तेवढाच वेळ. उरलेले २० अंतर्गत, म्हणजे शाळेने द्यायचे, गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणीचे. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. पुणे, अहिल्यानगर आणि आपण. पण पेपर सगळ्या राज्याला एक. चंद्रपूरच्या मुलाला तोच, अक्कलकोटच्या मुलीला तोच. राज्यभरातून पंधरा-सोळा लाख मुलं बसतात. पेपर संपला की उत्तरपत्रिका परिरक्षकांकडे, म्हणजे गठ्ठे सांभाळणाऱ्यांकडे, तिथून दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या परीक्षकांकडे. बैठक क्रमांक झाकलेला, वर बारकोड. परीक्षकाच्या हाती उत्तरांची आणि पायऱ्यांची योजना असते: सूत्राला अर्धा, किमती टाकल्या की अर्धा, पुढे उत्तराला एक, असं. दुसऱ्या रीतीने सोडवलं आणि बरोबर आलं तर पूर्ण गुण. मग नियामक त्यातल्या काही तपासून पाहतो, त्याच्यावर मुख्य नियामक. हे सगळं बऱ्यापैकी काटेकोर चालतं. सोलापुरात परीक्षेच्या दिवसांत ऊन चाळिशीकडे सरकलेलं असतं. पंख्याखाली गठ्ठे उडू नयेत म्हणून त्यावर कंपासपेट्या ठेवून तपासणारे शिक्षक मी पाहिलेत, त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही.

आता बघा, खालून वर काय जातं? बेरीज. पहिल्या पानावरच्या चौकटीतले आकडे, त्यांची एकूण, आणि ती गुणयादीत. मुलाने आत काय लिहिलं होतं, कुठे घसरलं, कुठे भलत्याच प्रश्नाचं सुरेख उत्तर दिलं, ते सगळं त्या गठ्ठ्यात राहतं आणि पुढे रद्दीत जातं. पंधरा-सोळा लाख मुलांच्या हस्ताक्षरातला एवढा मोठा ऐवज आपण दरवर्षी गोळा करतो, तज्ज्ञ माणसांकडून ओळन् ओळ वाचून घेतो, आणि त्यातून एक आकडा तेवढा ठेवून घेतो. ऊस गाळून साखर ठेवली, इथपर्यंत ठीक. पण मळी आणि बगॅस फेकून देणारा कारखाना आता आमच्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

दोन उदाहरणं आणखी देते, कारण ‘मुलं कच्ची आहेत’ हे उत्तर मला ऐकायचं नाही.

पहिलं ‘अर्थनियोजन’ या धड्यातलं. आमच्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत चादरीच्या दुकानात बसतो. सराव परीक्षेत मी प्रश्न घातला: चादरीची करपात्र किंमत ८०० रुपये, जीएसटीचा दर ५ टक्के, तर सीजीएसटी (केंद्राचा हिस्सा), एसजीएसटी (राज्याचा हिस्सा) आणि ग्राहकाने द्यायची एकूण रक्कम काढा. त्याने लिहिलं, सीजीएसटी ४०, एसजीएसटी ४०, एकूण ८८०. मी त्याला बाहेर बोलावून विचारलं, “आठशेच्या चादरीवर टॅक्स किती रे?” क्षणाचाही विचार न करता, “चाळीस, बाई. आठशे चाळीसला जाती.” म्हटलं, मग इथे ऐंशी कसे? तो कागदाकडे बघत राहिला. “इथं दोन लिहायचे होते ना.”

दुकानात त्याला माहीत आहे की बिलावर अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळी असतात. पेपरात ‘जीएसटीचा दर ५ टक्के’ वाचल्यावर त्याने तो दर दोघांना वाटून न देता दोघांना पुरापुरा दिला. ही चूक आळसाची नाही. दर एकूण कराचा आहे की प्रत्येक हिश्शाचा, हे शब्दांतून त्याला उमगलेलं नव्हतं, आणि मी शिकवताना ते पुरेसं ठोकलं नव्हतं. त्याची चूक मला दिसली म्हणून पुढच्या वर्षी मी दुकानाचं खरं बिलच फळ्यावर चिकटवलं. पण ती माझ्या वर्गापुरती. औशात, वैजापुरात, माणगावात किती जणांनी तेच केलं असेल, मला कसं कळणार? तुम्हाला तरी कळलं का?

दुसरं उदाहरण भूमितीचं, आणि यात आमच्या गावाची एक मोठी गंमत आहे. पुस्तकात त्रिकोणमितीला दीपगृह आणि जहाज आहे. सोलापुरातल्या मुलाने दीपगृह कुठे बघायचं! आमचं सगळं पाणी सिद्धेश्वर तलावात आणि उजनीत. पण चिमणी आम्हाला माहीत होती. होटगी रस्त्याच्या विमानतळाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. त्याआधी कित्येक वर्षं हे शहर तिच्या उंचीवर आणि विमानाच्या उतरायच्या वाटेवर भांडत होतं. पाडावी म्हणणारे, राहावी म्हणणारे, चहाच्या टपरीवर मीटर आणि अंश. एवढं लोकप्रिय त्रिकोणमितीचं गणित महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या गावाला मिळालं असेल असं वाटत नाही. (पाडावी की पाडू नये यावर माझं मत आहे, पण ते इथे लिहिलं तर गणित बाजूला राहील.)

तर मी वर्गात सांगितलं, चिमणी ९० मीटर धरा. तिच्या टोकावरून खाली रस्त्यावरची मोटार ६० अंशांच्या अवनत कोनात दिसते. मोटार बुडापासून किती लांब? निम्म्या वर्गाने चिमणी काढली, मोटार काढली, तिरपी रेघ जोडली आणि वरच्या टोकाशी, चिमणी आणि ती रेघ यांच्यामध्ये, ६० अंश लिहून टाकले. मग ९० गुणिले √३, म्हणजे १५६ मीटरच्या आसपास. खरं उत्तर ९० भागिले √३, साधारण ५२. उत्तर बरोबर तिप्पट चुकलेलं. अवनत कोन मोजतात तो डोळ्यासमोरच्या आडव्या रेषेपासून खाली. पण आकृतीत ती आडवी रेषा नसतेच, ती आपण काढायची असते. मूल असलेल्या तीन रेषांमध्येच कोन शोधतं, आणि वरच्या टोकाला एकच कोन असतो, तो चुकीचा. आडवी रेषा काढली की व्युत्क्रम कोन दिसतो आणि ६० अंश खाली मोटारीशी येऊन बसतात.

हे मला कळलं पहिल्या दहा-बारा वर्षांनंतर. तोवर मी ‘आकृती नीट काढत चला’ एवढंच म्हणत होते. मी नोकरीला लागले तेव्हा कोणी चार ओळींत लिहून दिलं असतं की या प्रश्नात राज्यभर मुलं कोन इथे लिहितात, तर दहा-बारा तुकड्या वाचल्या असत्या. हा हिशेब मला अधूनमधून टोचतो.

असा लिहिलेला कागद दुसरीकडे निघतो, ही काही माझी कल्पना नव्हे. आयसीएसई घेणारी दिल्लीची परिषद विषयवार, प्रश्नवार विश्लेषण काढते: या प्रश्नात मुलांनी कोणत्या चुका केल्या, शिक्षकांनी काय करावं. केंब्रिजच्या परीक्षांनाही परीक्षकांचा अहवाल असतो. आमच्याकडे निकालाच्या दिवशी विभागवार टक्के, मुलींचे टक्के, मुलांचे टक्के, शंभर टक्के निकालाच्या शाळा. मध्य-मध्यकाबद्दल ओळभरही मजकूर माझ्या हाती आजवर पडलेला नाही.

आणि टक्क्यांचं काय सांगायचं? राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१०, २०२० मध्ये ९५.३०. मुलं एका वर्षात मठ्ठ होऊन दुसऱ्या वर्षी हुशार झाली नव्हती. मधल्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते, पुढच्या वर्षी परत आणले. २०२१ मध्ये तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. या आकड्यांवरून गुण कसे वाटले ते कळतं. पोरांना काय येतं ते नाही कळत.

गणिताच्या अंतर्गत गुणांबद्दलही खरं बोलते, आधी स्वतःच्या पदराला गाठ मारून. वीसपैकी अठरा-एकोणीस देण्यात आम्ही शिक्षक उदार असतो. उत्तीर्ण व्हायला मिळून ३५ लागतात. अठरा आमच्याकडून गेले की लेखीत ८० पैकी १७ उरतात. मुलं हा हिशेब आमच्याआधी करतात. ‘दोन्ही पेपरात एमसीक्यू आणि कृती धर, निघून जातंय’ हा सल्ला क्लासवाले देतात आणि, लाजत का होईना, मीही फेब्रुवारीत दिलेला आहे. प्रत्येक पेपरात चार गुणांचे बहुपर्यायी प्रश्न, वर दोन-दोन गुणांच्या दोन आणि तीन गुणांची एक कृती. म्हणजे चाळीसपैकी अकरा गुणांना मुलाला वाट तुम्ही आखून दिलेली असते, त्याने फक्त चौकटी भरायच्या. चौकटी असाव्यात, माझा विरोध नाही. घाबरलेल्या पोराला पहिली पायरी सापडते. मात्र प्रश्न चौथ्यात, जिथे चार गुणांना चौकट नसते, तिथे तीच मुलं ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ लिहून, आकृतीला A, B, C देऊन थांबतात. ‘सिद्धता’ असा शब्द लिहून, खाली रेघ मारून, पुढे कोरं पान. हे कोरं पान आणि त्या मुलीचं भरलेलं पान, दोन्हींना शून्य. गुणयादीत त्यांच्यात काही फरक नाही.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० किंवा जास्त गुण असलेल्यांना शेरा देऊन पुढे जाऊ द्यावं, असं सुचवलं तेव्हा स्टाफरूममध्ये दोन तट पडले. मी कुठल्याच तटात नव्हते. रेघ ३५ वर मारा, २० वर मारा. रेघेखालचं पोर कशामुळे खाली राहिलं हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या वर्षी त्याला काय शिकवायचं? एकाला वजाबाकीचं चिन्ह कंसाबाहेर नेता येत नसेल, दुसऱ्याला प्रश्नाची भाषाच कळली नसेल. पुरवणी परीक्षेला दोघांनाही आम्ही तेच गाईड धरून बसवतो.

भाषेचा मुद्दा आमच्याकडे जरा जास्तच टोकदार आहे. माझ्या वर्गात निम्म्या घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, दोन-चार घरांत दखनी. शेजारच्या शाळेत उर्दू माध्यम, अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा, आणि हल्ली सगळीकडे सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत. गणित एकच, पण तुमचा पेपर प्रत्येकाला वेगळ्या शब्दांत भेटतो. एखाद्या प्रश्नात मराठी माध्यमाची मुलं घसरली आणि सेमीची नाही घसरली, असं दिसलं तर अडचण गणितात नसून शब्दात आहे हे लगेच कळेल. ही तुलना करायला लागणारी सगळी सामग्री तुमच्या हाताखालून जाते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा २०२४ चं परख सर्वेक्षण निवडक शाळांतल्या मुलांवर होतं, तरी त्यातून कोणती क्षमता कुठे कमी पडली याचा अहवाल निघतो. आपण सगळ्यांच्या सगळ्या उत्तरपत्रिका वाचतो, आणि अहवाल नाही.

आणखी एक, वाचण्याबद्दल. २०२३ पासून पेपर दहा मिनिटं आधी वाचायला देणं बंद झालं आणि शेवटी दहा मिनिटं वाढवली. अकरा ते एक दहा. मोबाइलवर पेपर फिरतात म्हणून हे करावं लागलं, समजू शकते. पण त्या दहा मिनिटांत मुलं पेन खाली ठेवून, बोट ठेवून वाचायची. शेवटची दहा मिनिटं उत्तरं घाईने संपवण्यात जातात, प्रश्न पुन्हा वाचण्यात नाही. मध्यकातला ‘क’ त्या पहिल्या दहा मिनिटांत सापडायचा. पेपर अकराला द्या, पण पहिली पाच मिनिटं लिहायला मनाई करा. एवढं करून बघायला काय हरकत आहे?

मागणं एकच आहे. प्रत्येक नियामकाने तपासणी संपल्यावर साध्या कागदावर दहा ओळी लिहाव्यात: कोणत्या प्रश्नात मुलं कशी चुकली, कोणत्या शब्दाने गोंधळली, कोणती वेगळी रीत कोणी वापरली. हो, तेही लिहा. एखादं पोर वर्गसमीकरण असं सोडवतं की आपणच खुर्चीत सरळ होऊन बसतो. मुख्य नियामकांनी त्या ओळी एकत्र कराव्यात आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सगळ्यांना वाचायला द्याव्यात. कोणाचं नाव नको, शाळा नको, जिल्ह्यांची चढाओढ तर अजिबात नको. नाही तर त्याचाही निकाल लागेल आणि मुख्याध्यापक आमच्या मागे लागतील. पुढचा पेपर काढायला बसाल तेव्हा तो कागद तुमच्या टेबलावर असावा.

नमुना हवा असेल तर माझ्याकडे एक वही आहे. शंभर पानी, निम्मी भरलेली. शाळेच्या पूर्वपरीक्षा तपासताना दिसलेल्या चुका लिहून ठेवते, पुढे ताळ्याच्या खुणा. ‘अवनत कोन वर लिहिला’ यापुढे दरवर्षी पाच-पाच खुणांचे गठ्ठे होतात. ‘मध्यऐवजी मध्यक’ हे कलम मी त्या जूनमध्ये घातलं, आई-मुलगी गेल्यावर, मधली सुट्टी संपायच्या आत. पहिली खूण तिची. पुढच्या पूर्वपरीक्षेनंतर तिथे दोन गठ्ठे पुरे झाले आणि वर एक सुटी काठी आली.

ती मुलगी आता पॉलिटेक्निकला आहे. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज तिने केला नाही. मीच नको म्हटलं, गुण वाढणार नव्हते. वही मात्र पाठवायची तयारी आहे. पत्ता कळवा.

आपली,
सोलापूरच्या पूर्व भागातली एक गणिताची बाई